ओल्या तावांचा आठवडा

सोमवार, ता. १२

चिरंजीव टिंगू यास दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम, निदान पत्राच्या पहिल्या ओळीपुरतं तरी. तुझं, ताईचं आणि भाऊजींचं कुशल कळावं. सहा फुटी, पाठदुखीने वाकलेल्या, कानशिलं पिकलेल्या गृहस्थाला टिंगू म्हणायची मला आता लाज वाटायला हवी. पण पाळण्यात ठेवलेलं नाव मी ठेवलेलं नाही, आणि बदलायचा अधिकारही कुणी मला दिलेला नाही.

फोन करायचा विचार होता. पण फोनवर आपलं संभाषण ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्या पलीकडे जात नाही, आणि त्यातले बहुतेक ‘हं’ माझेच असतात. म्हणून पत्र. पत्रात निदान मला मध्येच ‘ठेवतो’ असं कुणी म्हणू शकत नाही.

बातमी एकच आहे: पाऊस. कालपासून लागलाय. या दिवसांत इथे पाऊस पडत नाही हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. न बोलावता येणारे पाहुणे मी पाहिलेत, पण हा बिछाना घेऊनच आलाय. याला जोर नाही, आवाज नाही, लाजही नाही. सकाळी जसा होता तसाच दुपारी, दुपारी तसाच संध्याकाळी. आकाशाला वर-खाली, पुढे-मागे असं काही राहिलेलंच नाही. एक करडी चादर, आणि ती आपल्या पत्र्याला टेकलेली.

कारखान्यात काय चाललंय ते विचारू नकोस, मीच सांगतो. शेडमध्ये टांगलेले कागदाचे ताव शनिवारी जितके ओले होते तितकेच आज आहेत. हात लावला तर वाटतं, थोडे जास्तच. मागच्या अंगणातल्या दोऱ्या रिकाम्या आणि त्यांच्यावर थेंबांची रांग, जणू पाणीच वाळत घातलंय. दाबाखालून निघालेली चळत कांबळ्यांच्या घड्यांमध्ये तशीच पडून आहे. पैलवान दिवसातून चारदा तिचा वास घेतो आणि मान हलवतो. दाबाचा दांडा ओढायला ठेवलेला माणूस आता वैद्यासारखा वागायला लागलाय. अजून बुरशी नाही म्हणतो. ‘अजून’वर जोर देतो.

आणि शनिवारी ग्रंथपालबाईंना ताव द्यायचेत. त्यांच्या ग्रंथालयातली जुनी पुस्तकं दुरुस्तीला काढलीत, बांधणीवाला येऊन बसलाय, आणि त्यांना आपलाच कागद हवाय: चिंध्यांच्या लगद्याचा, हाताने उचललेला, जाड पण मऊ. शनिवारपर्यंत मिळाला नाही तर त्या गिरणीचा घेणार. गोड शब्दांत सांगितलं त्यांनी, म्हणजे खरंच घेणार.

पूर्वी अशा वेळी मी काही करत नसे. तू अंगणात जाऊन मान वर करायचास, नाक पुसायचास आणि म्हणायचास, ‘उचला’ किंवा ‘थांबा’. उचला म्हटलंस की लगद्यातून ताव उचलायचे, थांबा म्हटलंस की चहा. इतक्या वर्षांत मी त्या दोन शब्दांपलीकडे हवामानाचा अभ्यास केला नाही. बाबांनी तुला विज्ञानाला घातलं, मला पाठशाळेत, आणि शेवटी दोघांनाही लगद्यात. त्यामुळे मला मेघाला डझनभर प्रतिशब्द येतात. वारिद, जलद, अंबुद, पयोद, तोयद. सगळ्यांचा अर्थ पाणी देणारा. आज देणार की उद्या, आणि देऊन कधी थांबणार, याची सोय एकातही नाही.

तू समजावलेलं मात्र आठवतंय, कारण तू ते दरवर्षी समजावायचास. हवा वर चढली की पसरते, पसरली की गार होते, आणि गार झाली की तिला आपल्यातली वाफ पेलवत नाही. मग ती वाफ धुळीचा, धुराचा, मिठाचा कसला तरी कण शोधते आणि त्याला धरून थेंब होते. टेकायला काही मिळाल्याशिवाय थेंब होत नाही, असं तू म्हणायचास. आणि असा करडा, न संपणारा पाऊस कधी येतो? तर उबदार ओली हवा गार हवेच्या अंगावरून तिरकी, सावकाश, कोसच्या कोस वर सरकत जाते तेव्हा. घाई नाही, गडगडाट नाही. सरकारी कचेरीतल्या फायलीसारखी चढत जाते. हे मला समजलं. यावर उपाय काय, ते तू शिकवलं नव्हतंस.

शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक वस्तू उभी आहे. तिच्याविषयी मी लिहिणार नाही. वाळवणयंत्र या घरात आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तू पिशवी भरलीस; तेव्हा तो शब्द मी जपून वापरतो. ती अजून पेटीतून काढलेलीही नाही, एवढंच तुझ्या माहितीसाठी.

भाऊजींच्या दुकानात बरं चाललंय ना? काचेचा धंदा चांगला. काच वाळवावी लागत नाही.

तुझा,
दादा


बुधवार, ता. १४

चि. टिंगू यास आशीर्वाद.

सोमवारचं पत्र अजून तुझ्या हातात पडलं नसेल. हे आधी पोचलं तर ते नंतर वाच. ते जास्त आनंदी आहे.

आज सकाळी ऊन पडलं. उठलो तर भिंतीवर उजेडाचा तुकडा. तुझ्या वहिनीला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, मी पण बघितलंय ऊन पूर्वी. मी अंगणात गेलो. आकाश धुऊन काढल्यासारखं निळं, जमिनीतून वाफा निघतायत, पत्र्यावरून वाफा निघतायत, पैलवानाच्या खांद्यावरच्या पंच्यातून वाफा निघतायत. तुझ्या जागेवर उभा राहिलो. मान वर केली. नाकही पुसलं. आणि मला काहीही कळलं नाही.

शेडमधले ताव तेवढे बाहेर काढायला सांगितलं. कांबळ्यांतली चळत मात्र राहू दिली. इतकी अक्कल अजून शिल्लक होती. दहाच्या सुमाराला आकाशात कापसाच्या गाठी दिसायला लागल्या. जेवणापर्यंत त्यांचे फ्लॉवरचे गड्डे झाले, एकावर एक चढलेले, पांढरेशुभ्र, कडा सुरीने कापल्यासारख्या. इतके सुंदर ढग मी कित्येक दिवसांत पाहिले नव्हते, आणि तिथेच मला संशय यायला हवा होता. पैलवानाला विचारलं. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत काही होत नाही, त्याचा गुडघा सांगतोय. तुझी वहिनी म्हणाली, “धाकट्या भावजींना एक फोन करा, म्हणजे गुडघ्याला विचारायला नको.”

फोन हातात घेतला होता, हे तुला सांगून ठेवतो. तुझं नाव काढलं होतं. मग वाटलं, माणूस निघून गेलाय, त्याला ‘बाबा रे, उचलू का थांबू’ असं विचारायचं म्हणजे काय. ठेवला.

आता जे झालं ते नीट ऐक, कारण ही चूक तुझ्याखेरीज कुणाला सांगून उपयोग नाही. लोक म्हणतील, पाऊस आला आणि कागद भिजला, त्यात काय.

दुपारी ऊन मवाळ झालं. दुधी काच लावावी तसा उजेड. कडक उन्हात ताव आक्रसतो, कडा वळतात, म्हणून आपण अशा उजेडाची वाट बघतो की नाही? आणि त्याच वेळी वारा सुटला. गार, एका दिशेचा, एकसारखा, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोरीवरचे ताव सगळे एकदम एका बाजूला कलले. मवाळ ऊन आणि गार वारा. बाबा अशा दुपारीला वाळवणाची पंगत म्हणायचे. मी म्हटलं, देव पावला. म्हटलं, काढा सगळं. कांबळ्यांतली चळतही काढली. ज्या बायका ताव उचलायला येतात, त्यांनाही चिमटे घेऊन दोऱ्यांना लावलं. तुझी वहिनीसुद्धा पदर खोचून आली. होते नव्हते तेवढे सगळे ताव अंगणात गेले. शेवटचा ताव मी स्वतःच्या हाताने लावला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

तेवढ्यात शेजारच्या गोदामाच्या पत्र्यामागून तो आला.

गोदामाची भिंत आपल्या अंगणाची पश्चिम खाऊन बसलीय, हे तू किती वेळा बोलला होतास. त्या भिंतीमागे तो केव्हाचा वाढत असणार. काळानिळा बुंधा, आणि वरचा शेंडा पसरून आपल्या डोक्यावरून पार पुढे गेलेला, लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट. मी ज्याला मवाळ ऊन म्हणत होतो, ते त्या ऐरणीखालचं ऊन होतं. आम्ही चार ताव काढले असतील. मग एकेक थेंब, रुपयाएवढा. मग सगळे थेंब. मग गारा.

गारांनी ताव फाटत नाहीत, टिंगू. त्यांना भोकं पडतात. तू कधी पाहिलं नसशील, कारण तुझ्या कारकिर्दीत असं झालंच नाही. ओल्या तावाला गार लागली की टक् असा मऊ आवाज येतो आणि पलीकडचं अंगण दिसतं. बाकीचे ताव दोरीवरच वितळले. लगद्यातून आले होते, लगद्यात गेले. मी एका हाताने डोकं आणि दुसऱ्या हाताने एक दोरी धरून उभा होतो. ती दोरी काही पळून जाणार नव्हती.

शेडमध्ये ओलाचिंब बसलो तेव्हा तुझं सगळं व्याख्यान आठवलं, अक्षरन् अक्षर. आदल्या दिवसांचा पाऊस जमिनीत मुरलेला, वर कडक ऊन, म्हणजे खालची हवा तापलेली आणि वाफेने जड. ती बुडबुड्यासारखी सुटते आणि वर जाते. वर थेंब झाले की वाफेतली ऊब मोकळी होते, ती ऊब हवेला आणखी वर ढकलते, आणखी थेंब, आणखी ऊब. असा तो ढग स्वतःच्याच वाफेवर चढत सुटतो, वरच्या हवेने डोक्यावर हात ठेवेपर्यंत. मग वर जायला वाव नाही म्हणून आडवा पसरतो. ती ऐरण. आत मधल्या उंचीवर पाणी शून्याखाली जाऊनही गोठत नाही. हट्टी असतं, आपल्या घरातल्या काही मंडळींसारखं. पण तिथे बर्फाचा एखादा कण आला की त्याच्यापुढे सगळी वाफ शरण जाते. कण फुगतो, जड होतो, खाली येता येता वितळतो, तो पावसाचा थेंब. जो वर-खाली हेलपाटे घालत राहतो आणि वितळायला वेळच मिळत नाही, ती गार.

आणि कोसळताना तो पाऊस वरची गार हवा बरोबर खेचून आणतो. ती जमिनीवर आपटते आणि पावसाच्या पुढे धावत सुटते. “दादा, भर दुपारी एकदम गार वारा लागला तर वर बघू नकोस, आधी ताव काढ.” हे तू मला सांगितलं होतंस. विहिरीजवळ उभे होतो आपण. मी म्हणालो होतो, तू आहेस ना.

तो वारा खाऊन मी ताव लावले. कागदवाल्याशिवाय दुसरा कुणीही ही चूक करणार नाही. दुसऱ्या कुणी खिडक्या लावून घेतल्या असत्या.

वहिनी तुला आशीर्वाद सांगते. मला काही सांगत नाहीये.

तुझा,
दादा


शुक्रवार, ता. १६

चि. टिंगू,

बाकीचे उपचार गृहीत धर. लिहायला बसलोय ते मेणबत्तीवर, आणि दुपारचे तीन वाजलेत. इतका अंधार आहे. वादळात वीज गेली ती गेलीच. करड्या चादरीचा पाऊस पुन्हा सुरू झालाय. वीजमंडळाचा माणूस येऊन खांबाकडे बघून गेला. तू आकाशाकडे बघायचास तसाच बघत होता, फक्त शेवटी काही बोलला नाही.

काल ग्रंथपालबाई आल्या. छत्री बाहेर झटकून आत आल्या, शेडभर नजर टाकली. पैलवान आणि बायका भोकांचे ताव फाडून परत लगद्याच्या हौदात टाकत होत्या. बाईंनी एक ताव उचलून डोळ्यासमोर धरला आणि भोकातून माझ्याकडे पाहिलं.

“तुमचे बंधू कुठे आहेत?”

मी म्हटलं, बाहेरगावी गेलाय.

“कधी येणार?”

ऊन पडलं की, असं मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. त्यांची नजर कोपऱ्यातल्या ताडपत्रीवर गेली होती. मग त्यांनी विचारलं, ते यंत्र कशासाठी आहे. मी म्हटलं, ते अजून बसवायचंय. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे भिजलेला कागद आहे, कागद वाळवायचं यंत्र आहे, आणि तुम्ही दोघांच्या मध्ये उभे आहात. मग म्हणाल्या, शनिवारच्या ऐवजी रविवारी सकाळी येते, त्यापुढे बांधणीवाला थांबणार नाही. बाई चांगल्या आहेत. इतक्या चांगल्या माणसांचा फार त्रास होतो.

त्या गेल्यावर तुझ्या वहिनीने मला धरलं. तू गेल्यापासून तिने या विषयावर तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे साठा बराच होता. त्यातलं बरंचसं इथे लिहिण्यासारखं नाही आणि उरलेलं खरं आहे. शेवटचं तेवढं लिहितो.

“त्यांच्यासाठी आणलंत ना ते? मग त्यांना सांगितलंत का कधी?”

मी म्हटलं, त्याला कळायला हवं.

“हो. ढगांकडून.”

हे असं आहे, टिंगू. मी पाठशाळेत शिकलो. एका श्लोकाचे चार अन्वय लावून देईन. पण घरातल्या माणसाला साधं वाक्य बोलायचं म्हणजे माझ्या जिभेला गाठ बसते आणि त्या जागी विनोद येतो. आज वीज नाही, काम नाही, विनोदही सुचत नाहीये. तेव्हा लिहून टाकतो.

मी तुला विचारलं नाही, असं तू ताईला सांगितलंस म्हणे. विचारलं होतं. यंत्र घेऊ का, म्हणून तीनदा विचारलं. तीनही वेळा तू उत्तराऐवजी वर बघितलंस. माझा संताप संताप झाला होता, आणि आताही होतोय. तुझ्या डोक्यात भरलं की दादाला आपला कंटाळा आला, दादाने आपल्या जागी लोखंड आणून ठेवलं. तू ते बोलला असतास तर मी भांडलो असतो. तू पिशवी भरलीस. पिशवीशी कसं भांडायचं?

माझ्या बाजूने काय होतं, ते ऐक. तुझ्या पाठीसाठी डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो आपण. तुझं नाव पुकारलं आणि तू खिडकीतून ढग बघून उठलास. डॉक्टरांनी माझीच पाठ तपासली. ताईच्या ऑपरेशनला तू संध्याकाळी पोचलास, कारण दुपारी ताव बाहेर होते. आणि छापखान्यातल्या त्या मुद्रितं तपासणाऱ्या बाई. मला काही माहीत नाही असं तुला वाटतं. त्या दिवशी नाटकाला निघाला होतात दोघं. इस्त्रीचा सदरा घालून गेलास, आणि मी शेडमध्ये दिवा लावतोय तोवर अंगणात उभा. म्हणालास, वारा फिरलाय. सदरा तसाच, बाह्या दुमडलेल्या. ताव काढून आत आणलेस. पाऊस त्या दिवशी आलाच नाही. नाट्यगृहाच्या दारात त्या किती वेळ उभ्या होत्या, ते मी विचारलं नाही. पुढे त्यांचं लग्न झालं तेव्हा आपल्याच कागदावर पत्रिका छापल्या, आणि तू ते ताव नेहमीपेक्षा जास्त घोटून गुळगुळीत केलेस.

तेव्हापासून माझ्या मनात होतं. या माणसाला आभाळापासून सोडवायचं. त्याला एकदा तरी गादीवर पडून, गडगडाट ऐकत, कूस बदलून झोपता आलं पाहिजे. म्हणून ते यंत्र. तुझ्या जागी नव्हे रे. तुझ्या जागी काय ठेवणार मी? तू काही तिथे ठेवलेली वस्तू नव्हतास.

हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं वगैरे वगैरे. पण म्हणालो असतो तरी तू वर बघितलं असतंस.

आता खरी अडचण. ते यंत्र सुरू केलं की तुझी शंका खरी झाली असं तू मानणार. नाही केलं तर ग्रंथपालबाई गेल्या, आणि त्यांच्यामागे हा कारखाना किती दिवस. पैलवान काल विचारत होता, पेटी फोडू का. मी त्याच्यावर ओरडलो. इतका दांडगा माणूस, खाली मान घालून हौद ढवळायला गेला. सध्या तरी निर्णय माझ्या हातात नाही, कारण वीज नाही. आयुष्यात प्रथमच वीजमंडळाचे उपकार वाटतायत.

दादा


रविवार, ता. १८

चि. टिंगू यास अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी रात्री वीज आली.

काल दिवसभर पाऊस पडत होता, करडा, न थांबणारा, आणि आम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाही. पहाटेच पैलवानाने पेटी फोडली. मी त्याला सांगितलं नव्हतं, पण अडवलंही नाही. बायकांनी हौदातून ताव उचलले, भोकांचाच लगदा, पुन्हा नवा. दाबाखालून काढले. यंत्राला एक लांबरुंद तापलेला पत्रा आहे, त्यावर ब्रशने ताव पसरायचा. मंद आचेवर ठेवायचं, हे मी पुस्तिकेत वाचलं. पुस्तिकेचं मराठी असं आहे की यंत्रानेच लिहिलेलं असावं. पहिले काही ताव करपले नाहीत, पण कडांना वळले, तेव्हा मला किंचित बरं वाटलं. मग आच कमी केली. मग वळले नाहीत.

शेडमध्ये वाफ दाटली होती, बाहेर पाऊस, पत्र्याला आतून थेंब धरत होते आणि मानेवर पडत होते. आपण घरातल्या घरात ढग तयार केला, असं मी म्हटलं. कुणी हसलं नाही. ही असली वाक्यं ऐकायला तू असायचास. तूही हसत नसायचास, पण नाकातून एक आवाज काढायचास.

आज सकाळी ग्रंथपालबाई आल्या. एक ताव घेतला. चोळला. कानाशी नेऊन हलवला. खिडकीशी धरून पाहिला. एका कोपऱ्याला जीभ लावली, खळ नीट बसलीय का बघायला. ही खोड त्यांनी तुझ्याकडूनच उचललीय. खरं सांगतो, त्यांनी नाक मुरडावं असं वाटत होतं. त्यांनी म्हणावं, हा तो कागद नव्हे, उन्हाचा कागद आणा. मग मी तुला तार केल्यासारखं लिहिलं असतं: तुझ्यावाचून जमत नाही, निघून ये. वाक्यसुद्धा तयार होतं.

त्या म्हणाल्या, “नेहमीसारखाच आहे.” आणि सगळे ताव घेऊन गेल्या.

पैलवानाला इतका आनंद झाला की त्याने यंत्राच्या पाठीवर थाप मारली आणि हात भाजून घेतला. वहिनीने चहा केला. मी अंगणात जाऊन दोऱ्यांखाली उभा राहिलो. पाऊस भुरभुरत होता आणि अंगणात भिजण्यासारखं काहीच नव्हतं, माझ्याखेरीज.

हे पत्र ज्या तावावर लिहितोय, तो त्याच चळतीतला आहे, मी मागे ठेवून घेतलेला. तुला सांगितल्याशिवाय कळलं नसतं. राग मानू नकोस. मलाही कळत नाहीये, आणि त्याचा मला राग येतोय.

तेव्हा आता साधं वाक्य. आभाळाकडे बघायला इथे कुणाची गरज उरलेली नाही. हे पुन्हा वाच, कारण ज्या वाक्याला भिऊन तू गेलास ते हेच, आणि जे बोलायची मला भीती वाटली तेही हेच. काल-आज ते खरं झालं. आम्ही ताव वाळवले, दिले, गिऱ्हाईक टिकलं. तुझ्यावाचून अडलं नाही.

आणि काल रात्री जेवायला बसलो तर वहिनीने तुझं ताट वाढलं. सवयीने नव्हे, तू गेल्यापासून एकदाही वाढलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, काम होतं तोवर वाटायचं की कामाला येतील. आता कशाला येतील, ते मला कळत नाही.

मलाही कळत नाही, टिंगू. इतकी वर्षं तुला बोलवायला माझ्याकडे कारण असायचं. ढग आलेत, ये. ऊन पडलंय, ये. वारा फिरलाय, ये. ती सगळी कारणं काल त्या पत्र्यावर वाळून गेली. दुसरं शोधत दुपारपासून बसलोय. पाठशाळेत शिकलेलं सगळं आठवून पाहिलं. सापडलं नाही.

तर मग नुसताच ये.

काही काम नसताना तुझी वाट पाहणारा,
दादा